मतं मोजली जातील. पण मोजणार कोण?

३० जानेवारी १७९८. अमेरिकेचं प्रतिनिधीगृह तेव्हा फिलाडेल्फियात भरायचं. कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिस्वोल्डनं व्हरमाँटच्या मॅथ्यू लायनला त्याच्या जुन्या लष्करी नोकरीवरून टोमणा हाणला. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. पंधरा दिवसांनी ग्रिस्वोल्ड जाडजूड काठी घेऊन सभागृहात आला आणि त्यानं लायनला बडवायला सुरुवात केली. लायननं शेकोटीतला चिमटा उचलला. दोघं जमिनीवर लोळेपर्यंत मारामारी चालली. राज्यघटना लागू होऊन तेव्हा दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती.

या लायनला लक्षात ठेवा. तीन वर्षांनी त्याचं एक मत देशाचा अध्यक्ष ठरवणार आहे.

अमेरिकेची घटना चार चर्मपत्रांवर मावते. जेकब शॅलस नावाच्या कारकुनानं ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि तीस डॉलर मेहनताना घेतला. सह्यांच्या बाजूला पेनसिल्वेनिया राज्याच्या नावात एक ‘एन’ गळलाय, तो आजतागायत गळलेलाच आहे. सगळ्या घटनादुरुस्त्या धरूनही शब्द भरतात साडेसात हजारांच्या आसपास. आपल्या घटनेचे शब्द लाखाच्या बरेच वर. पुस्तक इतकं छोटं असलं की प्रत्येक शब्दावर चार माणसं चढून बसतात, आणि दर चार वर्षांनी अध्यक्ष निवडायची वेळ आली की त्या चढाओढीला ऊत येतो. शब्दाला चिकटून राहायचं की आशय बघायचा? केंद्राचा अधिकार मोठा की राज्यांचा? उत्तरं तत्त्वावर ठरतात असं दोन्ही पक्ष शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण अमेरिकेत जन्मली नाही, एवढंच आश्चर्य.

अध्यक्षांची नालस्ती कराल तर...

१७९८मध्ये फेडरलिस्ट पक्षाची सत्ता होती, जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष होते. त्यांच्या पक्षानं राजद्रोहाचा कायदा केला: सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं की दंड आणि तुरुंग. भाषणस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. कायद्यातली मेख बघा. अध्यक्षांची बदनामी गुन्हा, काँग्रेसची बदनामी गुन्हा. उपाध्यक्षांची मात्र खुशाल करा. कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन. आणि कायद्याची मुदत? ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटापर्यंत. पुढे दुसरा कुणी आला तर त्याच्या हातात हे हत्यार नको, इतका चोख बंदोबस्त.

न्यूआर्कमध्ये अध्यक्षांच्या स्वागताला तोफा उडत असताना ल्यूथर बाल्डविन नावाच्या गड्यानं, पोटात थोडी गेलेली असताना, ‘गोळा त्यांच्या पार्श्वभागात घुसला तरी माझं काय जातंय’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. झाला दंड. या कायद्याखाली पहिला खटला मात्र चालला तो आपल्या चिमटेवाल्या लायनवर. चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड. लायननं तुरुंगातून निवडणूक लढवली आणि जिंकली.

जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी नाव न सांगता केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहून दिले: हा कायदा घटनेच्या विरोधात आहे, केंद्राला एवढा अधिकार राज्यांनी दिलेलाच नाही. देशाचा उपाध्यक्ष देशाच्याच कायद्याविरुद्ध गुपचूप मसुदे लिहितोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. १८००ची निवडणूक या वादावर लढली गेली. न्यायमूर्तीही मागे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचे सॅम्युएल चेस चक्क अ‍ॅडम्ससाठी प्रचार करत फिरत होते.

छत्तीस फेऱ्या आणि एक आजारी माणूस

मूळ घटनेत प्रत्येक इलेक्टरला (म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्यानं नेमलेल्या प्रतिनिधीला) दोन मतं होती. दोन्ही अध्यक्षपदासाठीच. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष ही गोष्ट हिशेबात धरली नव्हती. जेफरसनच्या पक्षाच्या इलेक्टरांनी शिस्तीत एक मत जेफरसनला आणि एक अ‍ॅरन बर्‌ला दिलं. निकाल ७३-७३. एकानं तरी बर्‌ला मत द्यायचं टाळायला हवं होतं, पण ते काम कुणी अंगावर घेतलंच नाही. आणि बर्‌ म्हणेना की मी आपला दुसरा.

वाद प्रतिनिधीगृहात गेला. तिथं प्रत्येक राज्याला एकच मत. सोळा राज्यं, जिंकायला नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ला मतदान सुरू झालं. जेफरसन आठ, बर्‌ सहा, दोन राज्यांत फूट. पुन्हा मतदान. तेच. पुन्हा. तेच. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापानं फणफणलेले होते. त्यांना बर्फातून आणून समितीच्या खोलीत पलंगावर झोपवलं. पत्नी उशाशी. दर फेरीला तिच्या मदतीनं ते चिठ्ठीवर जेफरसनचं नाव लिहीत. ते घरी राहिले असते तर मेरीलँडचं मत बर्‌च्या झोळीत पडलं असतं आणि पुढचा इतिहास वेगळा झाला असता. (आजारपणाची रजा टाकण्यापूर्वी आमच्या कचेरीतल्या मंडळींनी हा परिच्छेद वाचू नये.)

सहाव्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी जेम्स बेयर्ड नमला. तो फेडरलिस्ट होता. छत्तिसाव्या फेरीत त्यानं कोरी चिठ्ठी टाकली. व्हरमाँटमध्ये दोनच प्रतिनिधी होते. त्यातला फेडरलिस्ट बाजूला झाला आणि उरलेल्या एकाच्या मतानं व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. तो उरलेला एक कोण? मॅथ्यू लायन. ज्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं, त्या सरकारच्या पक्षाचा अध्यक्ष जाताना तो असा आपला वाटा उचलून बसला होता.

त्याआधीचा एक प्रसंग कमी सांगितला जातो. इलेक्टरांच्या मतांचे लखोटे उघडायचं काम उपाध्यक्षांचं. म्हणजे जेफरसनचं. जॉर्जियाच्या लखोट्यातला कागद घटनेला हवा तशा नमुन्यात नव्हता. मतं चार, सगळी जेफरसन-बर्‌ जोडीला. ती बाद झाली असती तर प्रतिनिधीगृहापुढे दोघांऐवजी पाच नावं आली असती, असं काही अभ्यासक मांडतात. शब्दाला शब्द धरून घटना वाचा, असा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या जेफरसननी त्या कागदाकडे पाहिलं आणि मतं आपल्या खात्यात जमा केली. जॉर्जियानं कौल त्यांनाच दिला होता, यात शंका नव्हती. पण नमुना तो नमुना, हे ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हणाले नसते असं वाटत नाही.

हा गोंधळ पुन्हा नको म्हणून १८०४मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली: अध्यक्षासाठी वेगळं मत, उपाध्यक्षासाठी वेगळं. त्याच वर्षी जुलैत बर्‌नं, अजून उपाध्यक्ष असतानाच, फेडरलिस्ट नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांना द्वंद्वयुद्धात गोळी घातली.

चष्मा फिरला

सत्तेवर आल्यावर जेफरसननी १८०३मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. परक्या देशाकडून जमीन विकत घ्यायचा अधिकार घटनेत कुठे लिहिलाय? कुठेच नाही. जेफरसनना हे ठाऊक होतं. त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही करून पाहिला. मग वाटलं, नेपोलियनचं मन बदललं तर? मसुदा गेला खणात. आणि घटनेचा अर्थ ऐसपैस लावणारे फेडरलिस्ट एका रात्रीत काटेकोर झाले: दाखवा बघू, कुठल्या कलमात आहे?

संपूर्ण जाहीरनामा: एक वाक्य

१८६०. गुलामगिरीवरून देश फुटायच्या बेतात. रिंगणात चार उमेदवार, चौघांच्याही तोंडी घटना. त्यातला एक पक्ष तर नावानंच ‘घटना आणि संघराज्य’वाला, कॉन्स्टिट्यूशनल युनियन पार्टी. त्यांचा जाहीरनामा एवढाच की आम्ही देशाची घटना, राज्यांचा संघ आणि कायद्याची अंमलबजावणी यांखेरीज दुसरं तत्त्व मानत नाही. गुलामगिरीचं काय? त्यावर मौन. उमेदवार जॉन बेल यांना तीन राज्यं आणि ३९ इलेक्टोरल मतं मिळाली. काहीच न बोलून एवढं मिळवणं हा विक्रमच म्हणायचा.

लिंकन मात्र बोलले, आणि बोलण्याआधी त्यांनी गृहपाठ केला. १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखायचा अधिकार काँग्रेसला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीफन डग्लस म्हणत, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा चांगला कळत होता. बरं, लिंकन म्हणाले, मग पूर्वजांनाच विचारू. इलिनॉयमधल्या ग्रंथालयात बसून त्यांनी जुनी इतिवृत्तं चाळली. घटनेवर सह्या करणारे ३९ जण. त्यातल्या कुणी, कधी, कुठल्या ठरावावर कसं मत दिलं याचा हिशेब मांडला. उत्तर आलं २१. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी केंद्राला हा अधिकार आहे असं आपल्या मतदानातून मानलं होतं.

२७ फेब्रुवारी १८६०ला न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्यांनी हा हिशेब नावानिशी वाचून दाखवला. नवा कोरा सूट पेटीत दुमडून आणल्यामुळे चुरगळलेला, आणि अंगाला धड न बसलेला. समोर शहरी, चोखंदळ श्रोते. भाषणाचा पहिला मोठा भाग म्हणजे शुद्ध हजेरीपट: हा सहीकर्ता, त्या साली, अमुक मत. आजच्या कुठल्याही प्रचारप्रमुखानं ते भाषण तिसऱ्या मिनिटाला थांबवलं असतं. श्रोत्यांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. त्याच दिवशी मॅथ्यू ब्रेडीनं काढलेला फोटो प्रचारात देशभर फिरला. घटनाकारांच्या मनात नेमकं काय होतं ते शोधा, ही आज उजव्या मंडळींची आवडती रीत. तिचा इतका चोख वापर गुलामगिरीच्या विरोधात झाला होता, हे दोन्हीकडचे सोयीनं विसरतात.

कर्मणी प्रयोगाचा घोळ

आता शीर्षकाकडे. बाराव्या घटनादुरुस्तीत एक वाक्य आहे. सिनेटचे अध्यक्ष (म्हणजे उपाध्यक्ष) दोन्ही सभागृहांसमोर सगळे लखोटे उघडतील, ‘आणि मग मतं मोजली जातील’. उघडणारा कर्ता स्पष्ट. मोजणारा? व्याकरणाच्या तासाला आपण शिकलो तो कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. मास्तरांनी असल्या वाक्याला फार तर अर्धा मार्क कापला असता. अमेरिकेला ते यादवीच्या तोंडाशी घेऊन गेलं.

१८७६. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना १८४ इलेक्टोरल मतं. जिंकायला १८५ हवीत. रिपब्लिकन रुदरफर्ड हेज १६५वर. मधली वीस लोंबकळत: फ्लोरिडा ४, लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७, ओरेगन १. दक्षिणेतल्या तिन्ही राज्यांतून दोन-दोन निकाल आले, दोन्हींवर सही-शिक्के. काळ्या मतदारांना धमकावलं गेलं होतं हे खरं, मतमोजणीत हात मारले गेले हेही खरं. मोजणार कोण? सिनेटचे अध्यक्ष, असं रिपब्लिकन म्हणाले, कारण ते त्यांचे. दोन्ही सभागृहं मिळून, असं डेमोक्रॅट म्हणाले, कारण प्रतिनिधीगृह त्यांचं.

तोडगा निघाला: पंधरा जणांचा आयोग. पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. सात रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट आणि एक अपक्ष स्वभावाचे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस. मग इलिनॉयच्या विधिमंडळात डेमोक्रॅटांना शहाणपण सुचलं. त्यांनी अपक्षांबरोबर मिळून डेव्हिसना सिनेटवर निवडून दिलं. मान दिला तर माणूस आपल्याकडे झुकेल, असा हिशेब असावा. डेव्हिसनी सिनेटची जागा घेतली आणि आयोगातून अंग काढून घेतलं. त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले, रिपब्लिकन. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते याला.

यापुढचं सगळं ८-७, ८-७, ८-७.

पण गंमत युक्तिवादात आहे. दक्षिणेत पाय रोवलेले डेमोक्रॅट म्हणजे राज्यांच्या हक्कांचे जुने पुजारी. ते सांगू लागले की राज्यानं शिक्का मारला म्हणून काय झालं, काँग्रेसनं आत शिरून खरा आकडा तपासायला हवा. यादवी युद्ध जिंकून केंद्राचा हात बळकट करणारे रिपब्लिकन म्हणाले, छे छे, राज्याच्या प्रमाणपत्रामागे बघण्याचा केंद्राला काय अधिकार? दोघांनी एकमेकांचे कपडे अदलाबदल करून घातले होते आणि कुणालाही आरसा नको होता.

ओरेगनच्या एका मताची गोष्ट तर आपल्याकडच्या वाचकांना ओळखीची वाटेल. तिथले एक रिपब्लिकन इलेक्टर छोट्या गावातले पोस्टमास्तर निघाले. ‘लाभाचं पद’ धारण करणाऱ्याला इलेक्टर होता येत नाही, असं घटना सांगते. हो, तेच लाभाचं पद, ज्यावरून आपल्याकडे खासदारक्या गेल्या. डेमोक्रॅट गव्हर्नरनी त्यांच्या जागी डेमोक्रॅटला प्रमाणपत्र दिलं. त्याबरोबर दोन्ही पक्षांनी पुन्हा कपडे बदलले: इथे रिपब्लिकनांना प्रमाणपत्रामागे डोकवावंसं वाटू लागलं.

२ मार्च १८७७च्या पहाटे निकाल लागला, १८५-१८४. ४ मार्चला रविवार होता, म्हणून हेज यांनी ३ तारखेलाच व्हाइट हाउसच्या लाल दालनात गुपचूप शपथ उरकली. ‘रुदरफ्रॉड’ आणि ‘आठाला सात’ ही नावं त्यांना कायमची चिकटली. लवकरच दक्षिणेतल्या सत्ताकेंद्रांवरचा केंद्राच्या सैन्याचा पहारा उठला. काळ्या नागरिकांना मतपेटीपासून पुढची अनेक दशकं दूर ठेवलं गेलं. या सगळ्या करमणुकीचं बिल त्यांनी भरलं.

आपल्याकडे हा घोळ ठेवलेला नाही. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर पुढे आपल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आपल्या घटनेचं कलम ७१ काढून बघा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दलच्या शंका आणि वाद सर्वोच्च न्यायालय निकालात काढेल आणि तो निकाल अंतिम असेल. कर्ता ठळक. १९६९च्या निवडणुकीवर वाद झाला तेव्हा राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला उभे राहिले होते.

जन्मानं म्हणजे नेमकं कसं?

अध्यक्ष ‘जन्मजात नागरिक’ हवा, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. जन्मजात म्हणजे काय, हे घटनेत लिहिलेलं नाही आणि अध्यक्षपदाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयानं आजवर ते ठरवलेलं नाही. म्हणजे प्रचारासाठी बारमाही पीक.

पहिले सात अध्यक्ष जन्मले तेव्हा अमेरिका हा देशच नव्हता. त्यांच्यासाठी घटनेत खास सवलत होती. अमेरिकी नागरिक म्हणून जन्मलेले पहिले अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन, जन्म १७८२. आणि या पहिल्या अस्सल अमेरिकन अध्यक्षाची मातृभाषा होती डच!

चेस्टर आर्थर आयर्लंडमध्ये जन्मले, असा शोध विरोधकांच्या एका वकिलानं लावला. तो टिकेना तेव्हा म्हणाला, बरं, कॅनडात. बॅरी गोल्डवॉटर अ‍ॅरिझोनात जन्मले, पण तेव्हा ते राज्यच नव्हतं. जॉर्ज रॉम्नी मेक्सिकोत. जॉन मॅकेन १९३६मध्ये पनामा कालव्याच्या पट्ट्यात. तिथं जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा १९३७चा, म्हणजे सिनेटर साहेब अकरा महिने लवकर आले, असा मुद्दा एका कायद्याच्या प्राध्यापकानं काढला. २००८मध्ये सिनेटनं एकमतानं ठराव करून मॅकेन पात्र असल्याचं जाहीर केलं. सूचकांत बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. या सौजन्याची परतफेड ओबामांना जन्मदाखल्यावरून तीन वर्षं छळून झाली. अखेर एप्रिल २०११मध्ये त्यांनी हवाईचा सविस्तर दाखला प्रसिद्ध केला. टेड क्रूझ कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मले, तर २०१६मध्ये त्यांच्याच पक्षातले डोनाल्ड ट्रम्प त्यांच्यामागे लागले. २०२०मध्ये कमला हॅरिस यांच्यावर शंका घेतली गेली ती उलट्या टोकाची: जन्म कॅलिफोर्नियातला, पण आईवडील तेव्हा नागरिक नव्हते ना?

श्री ठाणेदार यांचं नाव बेळगावपासून पुण्यापर्यंत माहीत आहे. बेळगावात वाढलेला हा माणूस मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला. कायदे करू शकतो, अध्यक्षांवर महाभियोगाचा प्रस्ताव मांडू शकतो. अध्यक्ष मात्र होऊ शकत नाही. न्यूजर्सीच्या गणेशोत्सवात अथर्वशीर्ष म्हणणारी, तिथेच जन्मलेली छोटी मनवा होऊ शकते. निदान आज तरी. कारण तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना जन्मानं नागरिकत्व मिळू नये, असा आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ला, दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी काढला आणि तो लागलीच कोर्टात अडकला. एच-वन-बीवरच्या कित्येक मराठी घरांत त्या आठवड्यात जन्मानं नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती मोबाइलवर वाचली गेली असणार.

कैदी नंबर ९६५३

तुरुंगातून अध्यक्षपद लढवता येतं का? घटनेत मनाई नाही. समाजवादी नेते युजीन डेब्ज युद्धविरोधी भाषणापायी अटलांटाच्या तुरुंगात होते. १९२०मध्ये त्यांच्या प्रचाराच्या बिल्ल्यावर कैदी क्रमांक छापला होता. मतं पडली नऊ लाखांहून जास्त.

डिक चेनींचं बिऱ्हाड

इलेक्टरांनी आपल्याच राज्यातल्या दोघांना अध्यक्ष आणि उपाध्यक्षपदासाठी मत देऊ नये, असं एक धूळ खात पडलेलं कलम आहे. २०००मध्ये जॉर्ज बुश टेक्सासचे. डिक चेनीही बरीच वर्षं टेक्सासमध्ये राहत, तिथेच मतदान करत. जुलैमध्ये चेनी विमानानं वायोमिंगला गेले, मतदार नोंदणी बदलली आणि काही दिवसांत बुश यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाचे उमेदवार जाहीर झाले. टेक्सासच्या काही मतदारांनी कोर्टात धाव घेतली. दावा फेटाळला गेला. टेक्सासची ३२ मतं चेनींना नाकारली असती तर ते बहुमताखाली घसरले असते.

कागदाचा कपटा आणि नऊ न्यायमूर्ती

त्याच निवडणुकीत फ्लोरिडानं जगाला ‘चॅड’ हा शब्द शिकवला. मतपत्रिकेला भोक पाडल्यावर जो कागदाचा कपटा पडतो तो चॅड. पडलाच नाही तर लोंबकळता चॅड. नुसता फुगला तर गर्भार चॅड. भिंग लावून, मतपत्रिका दिव्यासमोर धरून, डोळे वटारून कपटे तपासणारे अधिकारी हे त्या वर्षीचं सगळ्यात बोलकं छायाचित्र. साठ लाखांच्या आसपास मतांत बुश यांची आघाडी ५३७. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ५-४नं फेरमोजणी थांबवली. राज्यांच्या अधिकाराचे कैवारी असलेल्या पाच न्यायमूर्तींनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला बाजूला सारलं, तेही समान संरक्षणाच्या तत्त्वावर, जे एरवी उदारमतवाद्यांचं लाडकं. उदारमतवादी राज्याच्या हक्कांसाठी आवाज चढवत होते. बहुमतानं आपला युक्तिवाद या प्रकरणाच्या परिस्थितीपुरताच मर्यादित असल्याचं लिहून ठेवलं. म्हणजे, हे औषध एकाच रुग्णासाठी, बाटली परत मागू नये.

निवडणूक वर्षात न्यायमूर्ती नेमावा का?

फेब्रुवारी २०१६. न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. लोकांना कौल देऊ द्या, असं म्हणत रिपब्लिकन सिनेटनं साधी सुनावणीही घेतली नाही. सप्टेंबर २०२०. न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या. निवडणुकीला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांच्यावर ५२-४८नं शिक्कामोर्तब झालं. २०१६मध्ये सिनेटचं घटनात्मक कर्तव्य सांगणारे डेमोक्रॅट आता थांबा म्हणत होते. आणि १९९२मध्ये निवडणूक वर्षात नेमणूक नको असं सिनेटमध्ये सांगणारे गृहस्थ कोण होते? जो बायडेन.

अध्यक्ष हा ‘अधिकारी’ आहे का?

चौदाव्या दुरुस्तीचं तिसरं कलम: शपथ घेऊन नंतर बंड केलं तर पुन्हा पद नाही. यादवी युद्धानंतरचं हे कलम डिसेंबर २०२३मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं ४-३नं, २०२१मध्ये जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला त्यावरून, ट्रम्प यांना लावलं. अर्जदारांत आघाडीवर होत्या नव्वदी पार केलेल्या एक माजी रिपब्लिकन आमदार. मग शब्दच्छल सुरू झाला. कलमात सिनेटर आहे, प्रतिनिधी आहे, ‘अध्यक्ष’ हा शब्द नाही! शब्दाला चिकटणारे अचानक आशयाकडे आणि आशयवाले अचानक शब्दाकडे वळले. गंमत म्हणजे १८६६मध्ये सिनेटर रेव्हर्डी जॉन्सननी नेमकी हीच शंका काढली होती, अध्यक्षपद का वगळलं? लॉट मॉरिल यांनी त्यांना ‘कुठलंही पद’ हे शब्द दाखवले आणि जॉन्सन गप्प बसले. ४ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं त्या वादात न पडता ९-० असा निकाल दिला की केंद्रीय पदांसाठी हे कलम राज्यांना परस्पर राबवता येणार नाही. कारणमीमांसेवर मात्र नऊ जणांत पुन्हा फाटे.

स्वतःचा पराभव मोजणारे

लखोटे उघडायचं काम उपाध्यक्षाचं, आणि उपाध्यक्ष पुष्कळदा स्वतःच उमेदवार. १८६१मध्ये ब्रेकिनरिज यांनी लिंकनचा विजय वाचला. १९६१मध्ये निक्सनपुढे हवाईचे परस्परविरोधी कागद आले. केनेडींची आघाडी तिथे फेरमोजणीनंतर ११५ मतांची. निक्सननी आपल्याविरुद्धची मतं मान्य केली, वर हा पायंडा समजू नये असंही बजावलं. २००१मध्ये बुश यांच्याकडून हरलेल्या अल् गोर यांनी आपल्याच बाजूनं हरकत घेणाऱ्या प्रतिनिधींना, सिनेटरची सही नाही म्हणून, एकेक करून खाली बसवलं. २०२१मध्ये माइक पेन्स यांच्यावर मतं नाकारण्याचा दबाव आला. बाहेर जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. पेन्सनी नकार दिला आणि रात्री उशिरा मोजणी पुरी केली.

डिसेंबर २०२२मध्ये काँग्रेसनं कायदा करून सांगितलं की उपाध्यक्षाचं काम फक्त कागद पुढे सरकवण्याचं. ६ जानेवारी २०२५ला कमला हॅरिस यांनी ३१२ विरुद्ध २२६ असा स्वतःचा पराभव वाचून दाखवला, एकही हरकत न येता. घटनेतलं ते वाक्य मात्र अजून तसंच आहे, कर्त्याशिवाय.